क्यूटीच्या यादीत मराठी ओळी स्वतः रेखाटताना

सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेव टेबलावर बसलेल्या ग्रंथपालाला संगणकाच्या पडद्यावर पुस्तकांची यादी दिसते. त्या यादीच्या एकेका ओळीतून चार-पाच गोष्टी एका नजरेत कळाव्या लागतात: पुस्तकाचे नाव, लेखक, दाखल क्रमांक, मुखपृष्ठाचे लहान चित्र, आणि पुस्तक कपाटात आहे, वाचकाकडे आहे की बांधणीला गेले आहे. क्यूटी ही खिडक्या, बटणे आणि याद्या असलेले अनुप्रयोग लिहिण्यासाठीची सॉफ्टवेअर-चौकट आहे. तिचा यादी दाखवणारा घटक, म्हणजे क्यूलिस्टव्ह्यू, आपण काही न सांगता वापरला तर प्रत्येक ओळीत एक चित्र आणि एक मजकूर एवढेच दाखवतो. ही ओळ आपल्या गरजेप्रमाणे रेखाटायची कशी, आणि मजकूर देवनागरीत असताना कोठे विशेष जपावे लागते, ते या लेखात सांगतो. उदाहरणे क्यूटी ६ आणि तिची पायथनसाठीची अधिकृत जोड पायसाइड ६ यांची आहेत; सी प्लस प्लसमध्येही वर्गांची आणि पद्धतींची नावे तीच राहतात.

सुरुवातीला बहुतेक जण सोपा वाटणारा मार्ग धरतात. क्यूलिस्टविजेट घ्यायचे, प्रत्येक पुस्तकासाठी दोन-तीन लेबले आणि एक बटण असलेले छोटे विजेट (पडद्यावरचा स्वतंत्र घटक) तयार करायचे आणि सेटआयटमविजेटने ते ओळीवर बसवायचे. वीस-पंचवीस ओळींच्या, सहसा न बदलणाऱ्या यादीसाठी हे चालते. वाचनालयात मात्र दहा हजार पुस्तके असणे ही काही मोठी गोष्ट नाही, आणि प्रत्येक ओळीत चार विजेटे धरली तर चाळीस हजार विजेटे स्मृतीत उभी राहतात. पडद्यावर त्यांतल्या जेमतेम दहा-बारा ओळी दिसत असतात, पण किंमत सगळ्यांची मोजावी लागते. क्यूटीच्या स्वतःच्या दस्तऐवजातही सेटआयटमविजेट हे स्थिर मजकुरापुरते वापरावे आणि बदलत्या मजकुरासाठी डेलिगेट लिहावा, असेच सांगितले आहे.

डेलिगेट म्हणजे यादीच्या वतीने ओळ रेखाटणारा कारागीर. तो एकच असतो आणि दिसत असलेल्या प्रत्येक ओळीसाठी यादी त्यालाच बोलावते. क्यूटी ४.४ पासून यासाठी क्यूस्टाइल्डआयटमडेलिगेट हा वर्ग उपलब्ध आहे. त्याचा उपवर्ग लिहून त्यातील पेंट आणि साइझहिंट या दोन पद्धती आपण नव्याने लिहायच्या. पेंट ओळ रंगवते आणि साइझहिंट ओळीला किती जागा लागेल ते सांगते. सगळी मेहनत या दोघींचे एकमत राखण्यात आहे.

मॉडेलमध्ये काय ठेवावे

रेखाटनाकडे वळण्यापूर्वी माहितीची मांडणी नीट करावी. यादीला माहिती पुरवणाऱ्या वर्गाला मॉडेल म्हणतात. क्यूॲबस्ट्रॅक्टलिस्टमॉडेलच्या उपवर्गात रोकाउंट आणि डेटा या दोन पद्धती लिहाव्या लागतात. डेटा या पद्धतीला कोणत्या ओळीची कोणती बाब हवी आहे ते रोलच्या क्रमांकावरून कळते. दाखवायच्या मजकुराचा डिस्प्लेरोल, चित्राचा डेकोरेशनरोल, सूचनापट्टीचा टूलटिपरोल असे ठरलेले रोल आहेतच. आपले खास रोल युजररोलपासून, म्हणजे २५६ या आकड्यापासून पुढे सुरू करायचे. लेखकासाठी एक, दाखल क्रमांकासाठी एक, प्रकाशन वर्षासाठी एक आणि स्थितीसाठी एक, असे चार रोल आपल्या उदाहरणाला पुरतात.

येथे एक शिस्त मनापासून पाळावी असे मला वाटते. मॉडेलने कच्ची माहिती द्यावी, सजवलेली देऊ नये. परत करण्याची तारीख तारखेच्या स्वरूपात, वर्ष पूर्णांकाच्या स्वरूपात आणि स्थिती ठरावीक संकेताच्या स्वरूपात असावी. रंग, ठळकपणा, स्वल्पविराम आणि रेषा हे सारे डेलिगेटकडे सोपवावे. मॉडेलमध्येच नाव आणि लेखक जोडून एक सजवलेली ओळ करून ठेवली की पुढे लेखकानुसार क्रम लावताना किंवा शोध घेताना ती ओळ पुन्हा तोडत बसावे लागते.

ओळीची आखणी, एकाच ठिकाणी

आता मुख्य भागाकडे येऊ. पेंट आणि साइझहिंट या दोन्ही पद्धतींत मापे स्वतंत्रपणे लिहिली, तर काही दिवसांतच त्यांच्यात फारकत होते. कोणीतरी पेंटमध्ये समास आठ बिंदूंवरून (पिक्सेलवरून) बारा करतो, साइझहिंटमध्ये बदल करायचे राहून जाते आणि शेवटची ओळ तळाशी चार बिंदू कापली जाते. म्हणून आखणी करणारी एक वेगळी पद्धत लिहावी. तिला ओळीचा आयत आणि फाँट द्यावेत, आणि तिने चित्राचा, नावाचा, लेखकाचा व स्थितीच्या शिक्क्याचा असे चार आयत परत करावेत. पेंटने त्या आयतांत रंगवावे आणि साइझहिंटने त्यांची एकूण उंची सांगावी. माऊसची टिचकी शिक्क्यावर पडली का, हे तपासतानाही याच पद्धतीला विचारावे.

आपल्या उदाहरणात डावीकडे ४८ बाय ६४ बिंदूंचे मुखपृष्ठ, सभोवती ८ बिंदूंचा समास, मधल्या जागेत वर ठळक नाव आणि खाली थोड्या लहान अक्षरांत लेखक, वर्ष व दाखल क्रमांक, आणि उजव्या कडेला शिक्का अशी रचना आहे. शिक्क्याची रुंदी आधी ठरवावी, कारण उरलेली जागा नावाची असते. ‘उपलब्ध’, ‘वाचकाकडे’ आणि ‘बांधणीस’ या तिन्ही शब्दांची रुंदी फाँट मेट्रिक्स या अक्षरांची मापे सांगणाऱ्या वर्गाच्या हॉरिझाँटलॲडव्हान्सने मोजून त्यांतील सर्वांत मोठी धरली, तर सगळ्या ओळींतले शिक्के एका उभ्या रेषेत येतात आणि यादी वरून खाली वाचताना नजर अडखळत नाही.

उंचीचे गणित मात्र देवनागरीत फसवे आहे, आणि मी स्वतः त्यात फसलो आहे. विंडोजवर क्यूटीच्या अनुप्रयोगाचा मूळ फाँट साधारणपणे सेगो यूआय असतो. त्यात देवनागरी अक्षरे नाहीत, त्यामुळे मराठी मजकूर आला की यंत्रणा पर्यायी फाँट, म्हणजे बहुधा निर्मला यूआय, आपणहून उचलते. पण आपण फाँट मेट्रिक्सला उंची विचारतो तेव्हा उत्तर मूळ फाँटचे मिळते. लॅटिन अक्षरांच्या मापाच्या चौकटीत देवनागरी अक्षरे बसवली जातात, आणि ड्रॉटेक्स्ट ही पद्धत दिलेल्या आयताबाहेरचा भाग कापून टाकत असल्यामुळे वरची मात्रा किंवा खालचा उकार नाहीसा होतो.

इंग्रजी अक्षराचे खालचे शेपूट थोडे कापले गेले तरी शब्द वाचता येतो. मराठीत तसे होत नाही, शब्दच बदलतो. माझ्या पहिल्या आवृत्तीत दुसरी ओळ लहान अक्षरांची होती आणि तिची उंची मी अशीच लॅटिन मापाने धरली होती. ‘मूळ’ हा शब्द तेथे ‘मळ’ असा दिसत होता, आणि वरचा भाग कापला गेला तेव्हा ‘मोर’ चा ‘मार’ आणि ‘रंग’ चा ‘रग’ झाला. माझ्या यंत्रावर देवनागरी फाँट मुख्य म्हणून लावलेला होता, त्यामुळे हा दोष मला कधी दिसलाच नाही. तो टेबलावर बसून रोज यादी वाचणाऱ्या ग्रंथपालबाईंना दिसला. वाचणाऱ्याच्या शब्दाचा अर्थ पडद्याने बदलावा, याहून मोठा दोष यादीत असू शकतो असे मला वाटत नाही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, आणि मला अधिक भरवशाचा वाटणारा, म्हणजे देवनागरी व लॅटिन दोन्ही लिपी असलेला फाँट अनुप्रयोगासोबतच द्यावा. मुंबईच्या एक टाइपने तयार केलेला मुक्त हा फाँट किंवा नोटो सॅन्स देवनागरी हे खुल्या परवान्याखाली मिळतात. क्यूफाँटडेटाबेसच्या ॲडॲप्लिकेशनफाँट या पद्धतीला फाइलचा मार्ग दिला की एक क्रमांक परत मिळतो. तो उणे एक असेल तर फाँट उघडलाच नाही असे समजावे, आणि ही तपासणी कधीही गाळू नये. क्रमांक मिळाल्यावर त्यावरून फाँटकुलाचे नाव घेऊन तो यादीला लावावा. मग मोजला जाणारा आणि रंगवला जाणारा फाँट एकच होतो आणि उंचीचे उत्तर खरे मिळते.

दुसरा उपाय म्हणजे उंचीसाठी फाँटवर विसंबून न राहता प्रत्यक्ष शब्द मोजणे. ‘कर्मेंद्रिये’ या शब्दात रफार, मात्रा आणि अनुस्वार एकाच अक्षराच्या डोक्यावर येतात. ‘उद्धृत’ मध्ये जोडाक्षराखाली ऋकार लोंबतो. ‘चिठ्ठ्या’ मध्ये पुष्कळ फाँट ठ खाली ठ रचतात. हे तीन शब्द एका मजकुरात घेऊन त्याचा बाउंडिंगरेक्ट, म्हणजे मजकूर जेमतेम मावणारा आयत, काढला, तर पर्यायी फाँट धरूनची उंची हाती येते. ती आणि फाँटने सांगितलेली उंची यांतील मोठी घ्यावी. ड्रॉटेक्स्टला टेक्स्टडोंटक्लिप ही खूण देऊन कापणे थांबवता येते हे खरे, पण त्याने वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर चढतो.

पेंट पद्धतीतील क्रम

पेंटला तीन गोष्टी मिळतात: रंगवणारा पेंटर, ऑप्शन आणि कोणती ओळ ते सांगणारा इंडेक्स. ऑप्शनमध्ये ओळीचा आयत, फाँट, रंगपेटी (पॅलेट) आणि ओळीची अवस्था असते. प्रथम ऑप्शनची प्रत करावी, कारण मूळ वस्तू आपली नसते. त्या प्रतीवर इनिटस्टाइलऑप्शन चालवले की मॉडेलमधील मजकूर आणि चित्र तिच्यात भरले जातात. मग प्रतीतील मजकूर रिकामा करावा आणि चित्रही रिकामे करावे. यानंतर शैलीच्या, म्हणजे यंत्रणेच्या रूपाप्रमाणे घटक रंगवणाऱ्या क्यूस्टाइलच्या, ड्रॉकंट्रोल पद्धतीला सीई आयटमव्ह्यूआयटम हा घटक काढण्यास सांगितले की पार्श्वभूमी, निवडीचा पट्टा आणि कीबोर्डच्या केंद्राची चौकट एवढेच रंगवले जाते. त्यामुळे विंडोजवर ओळ विंडोजसारखी आणि मॅकवर मॅकसारखी दिसते. निवडलेल्या ओळीचा निळा पट्टा स्वतःच्या हाताने रंगवण्याचा मोह टाळावा. तो पट्टा प्रत्येक यंत्रणेत निराळा असतो. मजकूर रिकामा करायचा राहिला तर शैलीने काढलेले नाव आणि आपण काढलेले नाव एकमेकांवर येतात आणि अक्षरे विनाकारण जाड दिसू लागतात. हा दोष ओळखायला वेळ लागतो, कारण पहिल्या नजरेस तो फाँटचा वाटतो.

आता पेंटरवर सेव्ह करावे, आपले रंगकाम करावे आणि शेवटी रिस्टोअर करावे. रिस्टोअर विसरले तर या ओळीचा लहान फाँट आणि फिकट रंग पुढच्या ओळीत जातो. पायथनमध्ये मधेच अपवाद उद्भवला तरी रिस्टोअर व्हावे, म्हणून ते फायनली या भागात लिहिणे योग्य.

अक्षरांचा रंग थेट काळा लिहू नये. ओळ निवडलेली आहे का, हे अवस्थेतील स्टेट सिलेक्टेडवरून पाहून रंगपेटीतून निवडलेल्या मजकुराचा किंवा साध्या मजकुराचा रंग घ्यावा. क्यूटी ६.५ पासून विंडोजवरील गडद रूप अनुप्रयोगात आपोआप येऊ शकते, आणि थेट लिहिलेला काळा रंग त्या काळ्या पार्श्वभूमीवर पूर्ण लुप्त होतो. शिक्क्याचा रंग मात्र आपलाच असतो. त्यासाठी फिक्या आणि गडद अशा दोन्ही रूपांसाठी वेगळ्या जोड्या ठरवाव्यात आणि अक्षर व पार्श्वभूमी यांच्यातील तफावत किमान ४.५ ला १ राखावी. शिवाय शिक्क्यावर शब्द असलाच पाहिजे. हिरवा म्हणजे उपलब्ध आणि तांबडा म्हणजे वाचकाकडे, एवढ्यावर विसंबले तर तांबडा-हिरवा भेद न दिसणाऱ्या माणसाला यादीचा काहीच उपयोग होत नाही.

लांब नावे जागेत बसत नाहीत तेव्हा ती तोडून शेवटी तीन टिंबे द्यावी लागतात. हे काम फाँट मेट्रिक्सच्या इलाइडेडटेक्स्ट पद्धतीकडेच द्यावे. पायथनमध्ये मजकुराची पहिली काही चिन्हे कापून घेणे दिसायला सोपे आहे, पण ‘महाराष्ट्र’ या शब्दात युनिकोडची दहा चिन्हे आहेत आणि त्यांतील पहिली सात घेतली तर ‘महाराष्’ असा पाय मोडलेला तुकडा उरतो. इलाइडेडटेक्स्ट बिंदूंतील रुंदी विचारते, चिन्हांची संख्या विचारत नाही, हा तिचा आणखी एक फायदा. पूर्ण नाव टूलटिपरोलमधून द्यावे, म्हणजे ओळीवर माऊस थांबवला की ते वाचता येते.

नाव दोन ओळींत मोडावे की एका ओळीत ठेवावे, हा प्रश्न अनेकदा येतो. दोन ओळी केल्या की उंची रुंदीवर अवलंबून राहते, खिडकी लहान-मोठी केली की सगळ्या ओळी पुन्हा मोजाव्या लागतात आणि यादीचा रिसाइझमोड ॲडजस्ट करावा लागतो. एकच ओळ ठेवली तर सर्व ओळींची उंची सारखी राहते आणि सेटयुनिफॉर्मआयटमसाइझेस चालू करता येते. मग यादी प्रत्येक ओळीला वेगळी उंची विचारत नाही. दहा हजार ओळींत हा फरक यादी उघडतानाच जाणवतो. मी एकाच ओळीच्या बाजूने आहे.

मुखपृष्ठे आणि आकडे

पेंटमध्ये डिस्कवरून चित्र उघडू नये. ही पद्धत यादी सरकवताना सेकंदाला अनेक वेळा चालते, आणि प्रत्येक वेळी फाइल उघडली तर सरकणे अडखळते. चित्र मागच्या धाग्यात (थ्रेडमध्ये) क्यूइमेजच्या रूपात वाचावे, लहान करावे आणि मुख्य धाग्यात आणून क्यूपिक्समॅप करावे, कारण क्यूपिक्समॅप मुख्य धाग्यातच वापरायचे असते. तयार झाल्यावर मॉडेलने त्या ओळीसाठी डेटाचेंज्ड हा संकेत (सिग्नल) द्यावा. यादी तेवढीच ओळ पुन्हा रंगवते. साठवणीसाठी क्यूपिक्समॅपकॅश आहे, पण तिची मूळ मर्यादा १०,२४० किलोबाइट असते. दुप्पट घनतेच्या पडद्यासाठी आपले चित्र ९६ बाय १२८ बिंदूंचे होते आणि ते ४८ किलोबाइट घेते, म्हणजे सुमारे दोनशे मुखपृष्ठांत साठवण भरते. वर-खाली सरकवणाऱ्या यादीला हे थोडे कमी पडते, तेव्हा मर्यादा वाढवून घ्यावी. अशा चित्रावर डिव्हाइसपिक्सेलरेशो लिहायला विसरू नये, नाहीतर मुखपृष्ठ दुप्पट मोठे निघते.

आकड्यांसाठी यादीला मराठीचे क्यूलोकेल, म्हणजे त्या भाषेचे अंक व तारखा लिहिण्याचे नियम, लावले की अंक देवनागरीत मिळतात. त्यातही एक खाच आहे. क्यूलोकेलची टूस्ट्रिंग पद्धत संख्येत आपणहून स्वल्पविराम घालते, त्यामुळे १९६८ हे प्रकाशन वर्ष ‘१,९६८’ असे उमटते. लोकेलच्या संख्या-पर्यायांत ओमिटग्रुपसेपरेटर लावून हे थांबवावे. दाखल क्रमांकालाही तेच लागू आहे, कारण तो पुस्तकाच्या पानावर शिक्क्यात जसा असतो तसाच पडद्यावर दिसला पाहिजे.

टिचकी, कीबोर्ड आणि वाचून दाखवणारी यंत्रणा

शिक्क्यावर टिचकी मारून पुस्तक परत घेतल्याची नोंद करायची असेल, तर डेलिगेटची एडिटरइव्हेंट पद्धत नव्याने लिहावी. माऊसचे बटण सुटल्याची घटना आली की आखणीच्या पद्धतीकडून शिक्क्याचा आयत घ्यावा, बिंदू त्यात आहे का ते पाहावे आणि असल्यास संकेत पाठवून खरे असे उत्तर द्यावे. माऊस ओळीवरून फिरताना हलकी छटा हवी असेल तर यादीच्या व्ह्यूपोर्टवर (दिसणाऱ्या भागावर) डब्ल्यूए होव्हर हा गुण चालू करावा. हीच नोंद कीबोर्डवरूनही करता आली पाहिजे. दिवसभर देवघेव सांभाळणारी माणसे हात कीबोर्डवरून उचलत नाहीत, म्हणून त्यासाठी एक कळ ठरवून द्यावी.

पेंटने काढलेली अक्षरे म्हणजे शेवटी रंगीत बिंदूच असतात. एनव्हीडीएसारखी पडदा वाचून दाखवणारी यंत्रणा ते बिंदू वाचू शकत नाही. ती मॉडेलला विचारते. म्हणून ॲक्सेसिबलटेक्स्टरोलमध्ये नाव, लेखक, दाखल क्रमांक आणि स्थिती हे सारे एका सलग वाक्यात द्यावे. आपण शिक्क्यावर जे रंगवले ते या वाक्यात नसेल, तर अंध ग्रंथपालासाठी ते अस्तित्वातच नाही.

शेवटची जोडणी लहान आहे, पण ती चुकल्यास अनुप्रयोग कारण न सांगता बंद पडू शकतो. यादी डेलिगेटची किंवा मॉडेलची मालकी स्वतःकडे घेत नाही. पायथनमध्ये तात्पुरत्या चलात तयार केलेली वस्तू स्वच्छ केली जाऊ शकते, म्हणून डेलिगेट तयार करतानाच त्याला यादी हा पालक द्यावा. एकच डेलिगेट दोन याद्यांना लावू नये. तसा स्पष्ट इशारा क्यूटीच्या दस्तऐवजात आहे.

यादी तयार झाल्यावर खऱ्या माहितीआधी एक छोटी चाचणी-यादी चालवावी. तिच्यात ‘उद्धृत’ आणि ‘कर्मेंद्रिये’ असलेली नावे, खिडकीत न मावणारे एक लांबलचक नाव, लेखक नसलेले एक पुस्तक, मुखपृष्ठ नसलेले एक आणि दाखल क्रमांक सहा अंकी असलेले एक, अशा पाच-सहा ओळी असाव्यात. त्या विंडोजच्या १०० टक्के, १२५ टक्के आणि १५० टक्के मापांवर, फिक्या आणि गडद अशा दोन्ही रूपांत पाहाव्यात. आणि हे सर्व, देवनागरी फाँट वेगळा बसवलेला नाही अशा एखाद्या नव्या यंत्रावर निदान एकदा तरी करावे.